एक किलोचा चिमटा

नव्या कल्पना पारखाव्यात तर आपणच, असं मालकांचं ठाम मत होतं. त्या मताला अजून दुसरा सभासद मिळाला नव्हता, ही गोष्ट वेगळी! कपडे वाळत घालायचे चिमटे बनवणारा त्यांचा कारखाना. माणसं मालक-मालकीण धरून पाच, मशीन एक, आणि माळ्यावर न खपलेल्या मालाची खोकी इतकी की छताला पोक आलं होतं. अंधारात चमकणारा चिमटा, वासाचा चिमटा, मोज्यांचा जोडचिमटा! प्रत्येक कल्पना मालकांना सकाळी आंघोळ करताना सुचायची आणि अंग वाळायच्या आत साचा बनवायला जायची.

शेवटी वहिनींनी कंबर कसली. वहिनी म्हणजे मालकांची बायको आणि कारखान्याची निम्मी भागीदार. सगळा कारखाना त्यांना वहिनीच म्हणे.

"अहो, यंदा साचा एकच निघेल. तोही आधी कागदावर पारखून. आणि या खेपेला आपटलात ना, तर नवा माल ठरवायचं काम माझ्याकडे. तुम्ही फक्त मान डोलवायची."

"घरी दुसरं काय करतो?" मालक पुटपुटले. पण मनात खुदकन हसले. हुकमाचा एक्का त्यांच्या खिशात होता ना! कपडा वाळला की आपोआप शिट्टी मारणारा चिमटा!

मालकांनी सगळ्यांना गोळा केलं आणि बिस्किटांचा रिकामा डबा टेबलावर आपटला.

"यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या! मग प्रत्येक कल्पनेला चार प्रश्न. ही वस्तू हवीय कुणाला? त्यासाठी तो हातातली जुनी टाकेल का? आपल्याला बनवता येईल का? आणि टिकेल का? त्यावरून शंभरपैकी गुण तुम्ही तिघांनी द्यायचे. कल्पना कुणाची ते बघायचं नाही!"

"मालकांची असली तरी?" पॅकिंगवाल्या मावशींनी विचारलं.

"माझी असली तर डबल कडक!"

मिस्त्रीनं सेल्समनकडे बघितलं. सेल्समननं मावशींकडे बघितलं. त्या नजरेत काय शिजलं ते मालकांना कळलं असतं, तर पुढचं महाभारत टळलं असतं.

पण मालक आपल्याच चतुराईवर खूश होते. त्यांनी शिट्टीची चिठ्ठी टाकली, आणि गुपचूप दुसरीही. हिऱ्याशेजारी कोळसा ठेवला की हिरा जास्त चमकतो, हा त्यांचा हिशेब. कोळसा असा: 'वाऱ्यानं कपडे उडू नयेत म्हणून एक किलो वजनाचा चिमटा.' लिहिताना ते इतके हसले की चहा नाकातून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी निकाल वाचला.

"न गंजणाऱ्या स्प्रिंगचा साधा चिमटा. सरासरी नऊ. शिट्टीचा चिमटा. सरासरी अकरा."

"अकरा?" मालक खुर्चीतून उडाले.

"शेरा आहे. 'पोरकटपणा. बहुधा सेल्समनचा.' आणि पहिला नंबर, तिघांकडून शंभरपैकी शंभर: एक किलोचा चिमटा!"

मालकांचा चेहरा पिळलेल्या टॉवेलसारखा झाला. आता खरं सांगावं, तर डब्यात लबाडी केल्याचं उघड होणार आणि सगळा कारभार वहिनींकडे जाणार. न सांगावं, तर किलोचा चिमटा बाजारात जाणार! तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

मग ते एकेकाला कोपऱ्यात गाठू लागले.

"मिस्त्री, एक किलो जरा जास्त नाही का होत?"

आपली निष्ठा तपासली जातेय, हे मिस्त्रीनं लगेच ओळखलं. "जास्त? मी तर दीड म्हणणार होतो, मालक!"

"याला गिऱ्हाईक कुठलं?" त्यांनी सेल्समनला विचारलं.

"दारात रांग लागेल, मालक! लोकांना आवरायला माणूस ठेवा!"

"मावशी, तुम्ही तरी खरं बोला."

"माझ्या नणंदेची चादर उडाली ती तीन गावं ओलांडून गेली. हा चिमटा असता तर बिचारी सुखात असती!"

"तुम्हाला नणंद आहे?"

"नाही. पण असती तर सुखात असती!"

दुपारपर्यंत मिस्त्रीनं लोखंडाचे सहा नमुने ठोकून काढले. वहिनींनी मागच्या अंगणात मालकांचेच ओले कपडे आणले. एकेक चिमटा उघडायला दोन माणसं लागली. सहावा लावला मात्र, दोरी तुटली, खांब वाकला, खांबावर टेकलेला पत्रा कोसळला, आणि एक चिमटा सुटला तो शेजारच्या बेकरीच्या पाटीवरचं एक अक्षर घेऊनच खाली आला! नशीब, माणसं शाबूत राहिली.

चिखलातल्या पँटकडे बोट दाखवत मिस्त्री ओरडला, "पकड बघा, मालक! खांब गेला, पण चिमट्यानं कपडा नाही सोडला!"

"चला," वहिनी म्हणाल्या, "साच्याच्या ऑर्डरवर सही करू या."

"थांबा!" मालकांचा बांध फुटला. "ती चिठ्ठी माझी होती! थट्टा म्हणून टाकली होती!"

मिस्त्रीनं चिखलातली पँट चिमट्यासकट उचलली.

"ते ठाऊक होतं," मिस्त्री म्हणाला.

"ठाऊक होतं?"

"डब्यात सगळ्यात वेडगळ तीच. म्हटलं, मालकांचीच. दिले शंभर."

"आणि शिट्टीची? तीही माझीच होती!"

"ती जरा बरी होती हो," सेल्समन ओशाळला. "म्हणून वाटलं, तुमची नसणार."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "आणि न गंजणारी स्प्रिंग कुणाची?"

"माझी," मावशी हळूच म्हणाल्या. "परत आलेला माल मीच उघडते ना. निम्मे चिमटे गंजलेले असतात."

"मग स्वतःच्या चिठ्ठीला गुण का नाही दिलेत?"

"मालकांचं मन राखायला नको?"

यंदाचा साचा मावशींचा निघाला आणि माल ठरवायचं काम वहिनींकडे गेलं. मालकांना निनावी चिठ्ठी टाकायची मुभा मात्र आहे. ते अक्षर बदलून लिहितात. एकदा तर त्यांनी बाहेरून टाईप करून आणली. वहिनी चिठ्ठी उघडतात, अर्धी ओळ वाचतात आणि मान वर न करताच म्हणतात, "अहो, बसा खाली."