दहाव्या सभासदाची खोली

कौस्तुभ टेंबेने घराला फोम मारला त्याच्या चौथ्या दिवशी थंडीने सोसायटीकडे लेखी तक्रार केली, की ती संस्थेची सभासद असताना तिला राहत्या घरातून बेकायदा बाहेर काढण्यात आलं आहे.

तक्रार खोटी नव्हती. थंडी खरोखरच सभासद होती. एकतीस वर्षांपूर्वी वीजप्रकल्पाचा बोगदा खणायला कऱ्हाड-साताऱ्याकडची नऊ कुटुंबं हिमालयातल्या ह्या कोठीधारला आली, बोगदा झाला तरी परत गेली नाहीत, आणि मराठी माणसं असल्यामुळे त्यांनी सगळ्यात आधी सोसायटी काढली. नोंदणीला दहा सभासद लागत होते. माणसं नऊच. तेव्हा कौस्तुभचे वडील, आप्पा टेंबे, यांनी दहाव्या ओळीत थंडीचं नाव घातलं आणि सूचक म्हणून खाली स्वतः सही ठोकली. नाहीतरी ती इथे सगळ्यांच्या आधीपासून राहते आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि नोंदणी कचेरीतल्या साहेबांनाही त्यात हरकत घेण्यासारखं काही दिसलं नाही. प्लॉट मात्र नऊच होते. म्हणून पहिल्याच सभेत ठराव झाला, की दहाव्या सभासदाने नऊ घरांत मिळून राहावं.

राहायला तिला काही अडचण पडली नाही. घरांचे नकाशे आप्पांनीच काढले होते, आणि आप्पांना घर म्हणजे कऱ्हाडचं घर एवढंच ठाऊक. साडेआठ हजार फुटांवर त्यांनी उंच छत, समोरासमोर खिडक्या, वारं खेळावं म्हणून वर झरोके, आणि भिंतीच्या फळ्यांच्या दोन थरांमध्ये वीतभर पोकळी ठेवली. उन्हाळ्यात घर गार राहावं हा हेतू. तो इतका सफल झाला की जानेवारीत देवघरातल्या पंचपात्रीतलं पाणी पळीने फोडून घ्यावं लागे. आपलं काही चुकलं असं नवांपैकी एकालाही कधी वाटलं नाही. चुकलं असं वाटायला माणसाने आधी दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं.

पोकळीत थंडी राहायची आणि घरात आई. दर हिवाळ्यात आईला खोकला लागायचा, बोटं सुजायची, आणि दर हिवाळ्यात आप्पा पांघरुणातून एकच वाक्य म्हणायचे, "होईल सवय." एकतीस हिवाळे झाले. सवय झाली नाही, दमा झाला. ह्या भाद्रपदात जिल्ह्याच्या डॉक्टरने साफ सांगितलं, की बाईंनी आणखी एक हिवाळा असल्या घरात काढायचा नाही. घर उबदार करा, नाहीतर यांना खाली पाठवा. खाली म्हणजे सांगलीला, भावाच्या दिवाणखान्यात, तिथला टीव्ही बंद झाल्यावर अंथरूण घालायचं.

"मला पाहुणी होऊन म्हातारं व्हायचं नाही," आई म्हणाली. आप्पा तेव्हा पेपर वाचत होते.

कौस्तुभने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं होतं आणि त्यानंतर तीन वर्षं नाशिककडे द्राक्षांच्या शीतगृहांना फोम मारायचं काम केलं होतं. आप्पा लोकांना "मुलगा बाहेर असतो" एवढंच सांगत, जणू तो तुरुंगात असतो. शीतगृहात फोम गारवा आत ठेवतो. तोच फोम गारवा बाहेरही ठेवील, भिंतीला आतबाहेर काय कळतं, असा कौस्तुभने विचार केला आणि मशीन, दोन पिंपं आणि लांब नळी घेऊन तो घरी आला. आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस चंदीगडला गेले होते. आईला त्याने शेजारी ठेवलं. पिंपांतली दोन रसायनं नळीला लावलेल्या पिस्तुलाच्या तोंडाशी एकत्र येतात, पातळ फवारा फळीवर बसतो आणि बघता बघता इडलीच्या पिठासारखा फुगून, सगळी पोकळी भरून, कडक होतो. झरोके बुजले. पत्र्याच्या खालची बाजू बुजली. वास गेल्यावर आई घरी आली, शेगडी पेटवली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा शेगडीची ऊब घरातच राहिली. त्या रात्री ती न खोकता झोपली.

अर्ज काचेवर होता. थंडी कागदावर लिहीत नाही. सोसायटीचे चेअरमन वाकनीस, पूर्वीचे बोगद्यावरचे फोरमन, यांच्या खिडकीवर तिने बाहेरून दवाच्या बर्फात दोन परिच्छेद लिहिले होते. वाकनिसांनी कडेची लांबी खरवडून काच काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि सेक्रेटरींकडे आणून दिली. सेक्रेटरी अर्थातच आप्पा. चंदीगडहून ते आदल्याच दिवशी आले होते आणि एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी अर्ज वाचला आणि कोपऱ्यात 'पोच' असा शिक्का मारला.

"अक्षर बघ," ते कौस्तुभला म्हणाले. "तुझ्यापेक्षा वळणदार आहे. आणि ठरावाचा क्रमांक घातलाय. ह्याला म्हणतात शिक्षण."

"आप्पा, आई घरी आल्यापासून खोकलेली नाही."

"तो मुद्दा अर्जात नाही."

सभा वाकनिसांच्या दिवाणखान्यात भरली. नऊ जण माकडटोप्या आणि घोंगड्यांत बसले होते. दहावी खुर्ची काच काढलेल्या खिडकीपाशी ठेवली होती आणि तिच्या हातांवर पांढरं साचायला लागलं होतं. वाकनिसांनी तिकडे बघून नमस्कार केला आणि गणसंख्या पूर्ण असल्याचं जाहीर केलं.

प्रश्न एकट्या टेंब्यांचा नव्हता. नऊ घरांत विभागून राहणारी सभासद आता आठ घरांत राहत होती, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ती जास्त आली होती. वाकनिसांकडे लोणच्याच्या बरणीत चमचा अडकून बसला होता. पण आपल्याही घराला फोम मारून घ्यावा असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आयुष्यभर जे सोसलं ते टाळता येत होतं, हे कबूल करण्यापेक्षा म्हातारी माणसं बर्फ चघळतील.

"एकतीस वर्षं काढली आम्ही हिच्याबरोबर," वाकनीस म्हणाले. "कधी शब्दाने शब्द वाढला नाही. अरे, थंडीने माणूस घडतो."

"काय घडलं, काका? इथे नऊ जणांत मिळून चांगले गुडघे चार निघतील."

"तीन," मागून कोणीतरी म्हणालं.

"कौस्तुभ, तू सभासद नाहीस," आप्पा म्हणाले. "मध्ये बोलू नकोस." मग त्यांनी ठरावाचा मसुदा वाचला. टेंबे यांनी आठ दिवसांत सर्व फोम खरवडून काढावा, पोकळी पूर्ववत करावी आणि सभासदास तिची जागा परत द्यावी. टेंबे म्हणजे ते स्वतःच, पण वाचताना त्यांचा आवाज तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसा होता.

आई चहाचा ट्रे घेऊन आली होती. ट्रे हातात तसाच धरून तिने विचारलं, "मग मी सांगलीला कळवू का?"

"सभा चालू आहे," आप्पा म्हणाले.

नऊ माणसांपैकी एकानेही मान वर केली नाही. सगळ्यांनी चहा मात्र घेतला. हे बघून कौस्तुभ उठला. आईच्या हातातला ट्रे भिरकावून द्यावा, एकेकाची माकडटोपी खेचावी असं त्याला वाटलं. त्याऐवजी त्याने टेबलावरचं उपविधींचं पुस्तक उचललं. ते आप्पांनी लिहिलं होतं आणि एकतीस वर्षांत कोणी वाचलं नव्हतं, आप्पांनीसुद्धा.

"मी सभासद नाही, कबूल," तो म्हणाला. "पण त्या आहेत ना? मी त्यांच्या बाजूनेच बोलतोय. नियम चौदा. प्रत्येक सभासदास स्वतंत्र, बंदिस्त आणि दरवाजा असलेली खोली मिळेल. काका, तुम्हाला खोली मिळाली?"

"मिळाली की."

"यांना? एका संस्थापक सभासदाला तुम्ही एकतीस वर्षं फळ्यांच्या फटीत ठेवलंत. आणि आता फट परत देतो म्हणता."

सभेत चुळबुळ झाली. माणसाला भिंतीत ठेवणं बरं नव्हे, असं एक-दोघं पुटपुटले. थंडीबद्दल त्यांना वाटलेली कणव बघून कौस्तुभ पुढचा नियम अगदी हळू वाचू लागला.

"नियम पंधरा. अशी खोली उपलब्ध नसल्यास सूचकाने ती आपल्या निवासातून द्यावी, आणि सभासद रुळेपर्यंत सोबत राहावे. सूचक, अ. वि. टेंबे."

हा नियम आप्पांनी वाकनिसांच्या मेव्हण्यासाठी घातला होता. मेव्हणा आलाच नाही, नियम राहिला.

दहाव्या खुर्चीमागच्या शाबूत काचेवर रेघा उमटायला लागल्या. सगळे थांबले. दोन मिनिटांत ओळ पुरी झाली, 'मान्य. खोली उत्तरेकडची असावी.'

टेंब्यांकडे उत्तरेला एकच खोली होती. तिच्यात आप्पांची खाट, सोसायटीचं कपाट आणि बोगद्याचे फोटो होते. नऊ जण आता आप्पांकडे बघू लागले. आप्पांनी पट्टी नीट केली.

"मला काय त्याचं," ते म्हणाले. "मी थंडीला कधी भ्यालो नाही." ठराव एकमताने झाला. सूचक पुन्हा तेच.

ही खोली कौस्तुभने नाशिकला शिकला होता तशी केली. घराकडच्या तिन्ही भिंतींना, छताला आणि जमिनीखाली दुप्पट जाड फोम. दाराला शीतगृहासारखी रबराची कड, आणि मधोमध ताटाएवढी खिडकी, तिलाही रबर. बाहेरच्या भिंतीतला बुजवलेला झरोका पुन्हा उघडला, सभासदाला जायला-यायला. तिसऱ्या दिवशी थंडी राहायला आली. सामान काही नव्हतं.

नियम सोबत राहावे असा होता, आणि आप्पा नियमाचे पक्के. बाहेर येऊन जेवत जा असं आईने एकदा सुचवलं, तेव्हा सभासद अजून रुळलेल्या नाहीत, असं उत्तर खिडकीतून आलं. शाई गोठू नये म्हणून शिक्क्याची गादी ते काखेत धरून झोपत. आपल्याला साधी शिंकही आलेली नाही, हे त्यांनी लेखी कळवलं. दोनदा.

आई राहिली. सांगलीला तिने पत्र पाठवलं, त्यात फक्त चकलीची भाजणी मागवली होती.

पौषातल्या एका दुपारी ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लसूण सोलत होती. बाहेर खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ होतं. तिच्या पायात मोजे नव्हते. शेजारी कौस्तुभ डबा पुसून भाजणी भरत होता. उत्तरेकडच्या खोलीच्या दारातली खिडकी उघडली आणि आतून एक काच बाहेर सरकली. आईने ती पदराने धरली.

अर्ज आटोपशीर होता. 'सहनिवासी दिवसभर बोलतात. बोगद्याची हकिकत आजवर एकशे बारा वेळा सांगून झाली आहे. मध्ये बोलू देत नाहीत. ऐकणे यापुढे माझ्याने होणार नाही, तरी अन्यत्र सोय व्हावी.' खाली 'पोच'चा शिक्का, तारीख, आणि आप्पांच्या अक्षरात शेरा होता, 'सदर विषय चैत्रातील सभेत घ्यावा.'

आईने ते दोनदा वाचलं. मग काच कौस्तुभकडे दिली. "फाइलला लाव," ती म्हणाली. "उन्हात नको ठेवूस."

ती उठली. एका कपात तिने आप्पांसाठी ताजा चहा ओतला. दुसऱ्या कपात सकाळचा उरलेला, गार झालेला ओतला, कारण थंडीला गरम चालत नाही. दोन्ही कप खिडकीतून आत ठेवले. आत आप्पा सांगत होते, "तर डोंगराच्या पोटात पहिला सुरुंग उडाला तेव्हा मी इथे, आणि वाकनीस तिथे..."

आई खिडकीशी वाकली.

"होईल सवय, बाई," ती म्हणाली, आणि तिने खिडकी लावून घेतली. रबर चांगलं होतं. पुढचं काही ऐकू आलं नाही.