मेश्रामकाकांची दोन पिस्तुलं

आमचे घरमालक मेश्रामकाका भेंडी जाडीवर घेतात. वजन नंतर. खिशात पत्र्याची एक पट्टी असते, त्यांच्या भाषेत गेज, तिला दोन खाचा. मोठ्या खाचेतून भेंडी गेली पाहिजे, नाहीतर ती जून. छोट्या खाचेतून मात्र जाता कामा नये, नाहीतर ती भरलीच नाही. दोन्ही अटींत बसली तर काका म्हणतात ‘गो’, नाही बसली तर ‘नो-गो’. रायपुरातल्या गुढियारीच्या बाजारातली भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, ‘‘कका, भिंडी खाए बर आय, नापे बर नोहे.’’ म्हणजे भेंडी खायला असते, मापायला नाही. काका म्हणाले, ‘‘पूरी नौकरी नापने में गई बाई, अब क्या छूटेगा.’’

काका रेल्वेच्या वॅगन कारखान्यात तपासनीस होते. पार्ट बनवणारे दुसरे, पास करणारे काका. जो पास झाला नाही त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका. रिटायर झाले, काकू गेल्या, पण गेज काही सुटलं नाही. चहा पाणचट असला की नो-गो. मोहल्ल्यातला नवा जावई दिसला की, ‘‘आता तं गो दिसून राहिला, पुढचं पाहू.’’

त्यांच्याकडे खोली मागायला गेले तेव्हा हे मला माहीत नव्हतं, ते बरंच झालं. मी आधीच घाबरलेली होते. आम्ही वाशीमकडचे. नवऱ्याला इथल्या उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये काम लागलं म्हणून इतक्या लांब आलो. मी ब्लाउज शिवते. तीन घरमालकांनी मशीनची खडखड नको म्हणून आम्हाला परत पाठवलं होतं.

‘‘सामान काय काय हाय?’’ काकांनी विचारलं.

‘‘शिलाई मशीन आहे,’’ मी सांगून टाकलं. ‘‘पण मी दुपारचीच चालवीन.’’

काका खुर्चीतून उठलेच. ‘‘शिलाई मशीनवाल्यानं पिस्तूल बनवलं होतं, मालूम हाय तुले? थांब, दाखवतो. माझ्यापाशी हाय.’’

काका आत गेले. नवरा हळूच म्हणाला, ‘‘चाल, दुसरी खोली पाहू.’’ पण तोवर काका पत्र्याची पेटी घेऊन आलेसुद्धा. पिस्तूल लाकडाचं होतं. शिसवीचं, गुळगुळीत, आणि सगळे पार्ट सुटे होणारं. कारखान्याच्या रद्दीत एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं, त्यातल्या नकाशावरून काकांनी ते स्वतः घडवलं होतं. खरं पिस्तूल त्यांनी कधी हातात धरलेलं नाही. घरात उंदीर निघाला तर तो मारायला माझ्या नवऱ्याला बोलावतात, आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहतात.

पिस्तुलाचा इतिहास ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. ‘‘तं लढाई सुरू झाली,’’ अशी सुरुवात. म्हणजे दुसरं महायुद्ध. अमेरिकेच्या फौजेचं पिस्तूल जुनंच, पहिल्या लढाईच्याही आधीचं. पण आता ते इतकं लागायला लागलं की बनवणारे कारखाने पुरे पडेनात. मग सरकारनं टाइपरायटरवाल्याला सांगितलं, तू बनव. शिलाई मशीनवाल्याला सांगितलं, तू बनव. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्यालाही सांगितलं. ज्यांनी जन्मात पिस्तूल केलं नाही त्यांनी ते केलं, कारण नकाशा एक आणि गेज एक. तपासायची पद्धत अशी, की काही पिस्तुलं पूर्ण खोलायची, सगळे पार्ट मिसळायचे आणि हाताला येईल तो पार्ट उचलून पुन्हा जोडायची. जुळली तर माल पास.

‘‘पार्ट कोणाच्या घरून आला ते पिस्तूल इचारत नाही,’’ हे काकांचं शेवटचं वाक्य. पण ते फार थोड्यांनी ऐकलंय. लोक टाइपरायटरपाशीच घड्याळ पाहायला लागतात. शिलाई मशीन येईपर्यंत चपला घालून झालेल्या असतात. सिग्नलपर्यंत टिकलेली भाडेकरू मी एकटीच. मला ते शेवटचं वाक्य आवडायचं. वाशीमची बाई रायपूरला बसते की नाही, याचीच मला रोज काळजी असायची.

माझी शाळा सातवीत सुटली, बरोबर दशांशापाशी. बापानं नाव काढलं तेव्हा फळ्यावर ते टिंब होतं आणि त्याच्या पुढचं मला कधी कळलं नाही. काकांना हे सांगितलं तर त्यांनी माझ्या हातात व्हर्नियर दिलं, ते मोजायचं यंत्र. ‘‘सुईची जाडी पाह्य.’’ मग बटणाची. मग रिळाच्या दांडीची. महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं की मी दशांश वाचून राहिले. काकांनी तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

गेली काही वर्षं काका दुसरं पिस्तूल घडवत होते. ‘‘एकट्या पिस्तुलाची काय परीक्षा? पार्ट बदलून पाहाले दोन पाह्यजे.’’ ही परीक्षा त्यांना फार मनापासून करायची होती. पण शेवटचा एक पार्ट राहिला आणि हात थरथरायला लागले. तो पार्ट म्हणजे आडवी पिन. ती काढली की सगळं पिस्तूल सुटं होतं.

‘‘हात नो-गो झाले,’’ काका म्हणाले. ‘‘पिन तू कर.’’

‘‘काका, माझ्याच्यानं बिघडलं तर?’’

‘‘लाल रंग हाय ना.’’

आठ दुपारी मी ब्लाउज बाजूला ठेवून ती पिन काचपेपरनं घासली. काकांनी पिनेसाठी केलेल्या पट्टीत ती मोठ्या खाचेतून गेली, छोट्या खाचेवर अडली. काका पाहतच राहिले. मग त्यांनी दोन्ही पिस्तुलं खोलली, सगळे पार्ट सुपात टाकले आणि सूप हलवलं, तांदूळ पाखडल्यासारखं.

जोडायचं काम माझ्याकडे. घोडा बसला, नळी बसली, स्प्रिंगच्या जागचा दांडाही बसला. शेवटी पिना. माझी पिन आली जुन्या पिस्तुलाला. घातली, आणि ती पलीकडून गळून खाली पडली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. जुनी पिन नव्या पिस्तुलात शिरेचना.

मी पिन उचलली. ‘‘माझीच चुकली, काका.’’

‘‘माप पुन्हा.’’

मी मापलं. बरोबर होती.

‘‘आता जुनी माप.’’

जुनी पिन मोठ्या खाचेतूनच जाईना. जाड होती.

‘‘ते प्रशांतची हाय,’’ काका म्हणाले. प्रशांत त्यांचा मुलगा, हैदराबादला असतो. ‘‘दहावीच्या सुट्टीत केली त्यानं. लय खुशीनं दाखवाले आला, संगं दोस्त होते. मी गेज लावलं, अन् सगळ्यायसमोर लाल ठिपका देल्ला. मंग तो पोट्टा माझ्या टेबलापाशी आलाच नाही कधी.’’

मी पिनेवरचा लाल ठिपका पाहिला.

‘‘मंग मी भोक वाढवलं. त्याची पिन बसवाले.’’

पिनेला बसवण्यासाठी भोक घासायचं, हे तपासनिसाचं काम नव्हे, इतकं मलाही आता कळत होतं. आणि ज्यानं घासलं, त्याला दुसऱ्या पिस्तुलाशी हे जुळणार नाही हे माहीत नव्हतं, असं कसं म्हणावं. तरी त्यांनी परीक्षा घेतलीच.

काकांनी लाल रंगाची बाटली आणली. प्रशांतच्या पिनेवरचा जुना ठिपका नखानं खरवडून काढला आणि नवा ठिपका पिस्तुलाच्या अंगावर दिला, भोकाशेजारी, जिथे त्यांची स्वतःची कानस चालली होती.

‘‘फोन लावून दे,’’ ते म्हणाले.

प्रशांतचा फोन रविवारी येतो. त्या दिवशी बुधवार होता. त्यानं घाबरूनच उचलला. ‘‘क्या हुआ बाबा? तबियत?’’

‘‘तबियत ठीक हाय. तुले सांगाचं होतं, तुझी पिन बसली. लय साल झाले बसून. सांगाचं राहून गेलं.’’

पलीकडून आवाज आला, ‘‘कौन सी पिन?’’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं बोलणं कानावर पडू नये म्हणून मी मशीनवर जाऊन बसले आणि पायडल मारलं. थोड्या वेळानं दोरा तुटला, मशीन थांबली, तेव्हा काकांचा आवाज ऐकू आला. ‘‘तं लढाई सुरू झाली...’’

मी दोरा ओवलाच नाही. टाइपरायटर गेला. शिलाई मशीन गेली. काका सिग्नलपर्यंत आले, आणि फोन अजून कट झाला नव्हता.