कलेक्टरचे मागचे पाय

डिंगोऱ्याच्या तात्यांशी कुणाची ओळख करून द्यायला गेलं, की समोरचा माणूस नमस्काराला हात जोडतो आणि तात्या गायब होतात. ते त्या माणसाच्या मागे गेलेले असतात. कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून त्याला खालून वर एकदा बघून घेतात आणि मग समोर येऊन म्हणतात, "बरं हाय. बसा." काहींच्या वाट्याला नुसतंच "बसा" येतं. त्यांनी काय ते समजून घ्यावं.

माझा जुन्नरच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ आहे. नाव सलीम. पहिल्या भेटीत मलाही नुसतंच "बसा" मिळालं होतं. पुढे दोस्ती झाल्यावर मी कारण विचारलं.

"पुढनं तुमी चांगलं हाय, सलीमभाऊ," तात्या म्हणाले. "पण पुठ्ठ्यात, म्हंजे मागल्या अंगाला, उतार हाय. आपल्या हातात नसतं ते. आईबापाकडनं येतं."

तात्यांच्या घरी टोमॅटो आहे, कांदा आहे, विहिरीला पाणी आहे. ते सगळं त्यांच्या पत्नी पारूकाकू बघतात. तात्या मेंढे बघतात. माडग्याळी जातीचे मेंढे: उंच पाय, लोंबते कान, पोपटासारखं बाकदार नाक. प्रदर्शनात हेच नाक मिरवतं. हे नाक आणखी थोडं बाकदार व्हावं, पाठ आणखी थोडी सपाट व्हावी, म्हणून कोणत्या मेंढीला कोणता नर दाखवायचा, या एका विचारावर तात्यांचं आयुष्य चाललेलं आहे. काकू म्हणतात, "माझ्या नाकाकडं एकदा बघितलं असतं, तर कळलं असतं चमकी कवा हारवली ते."

आमची दोस्ती फोटोवरून झाली. एक दिवस तात्या मेंढा घेऊनच स्टुडिओत शिरले. दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसले. म्हणजे तात्यांनी पुसले, मेंढ्याने पुसले नाहीत.

"पासपोर्ट काढायचाय."

"तुमचा?"

"माझं काय करायचंय? तहसीलदाराचा."

तहसीलदार म्हणजे तो मेंढा. तात्यांच्या गोठ्यात सगळे पदाधिकारी आहेत: तलाठी, तहसीलदार, सभापती. मी त्याला धबधब्याच्या पडद्यापुढे उभा केला. समोरून एक फोटो घेतला. तात्यांनी कॅमेऱ्याच्या मागे येऊन तो पाहिला आणि माझी कीव केली. "पुढनं समदेच देखणं असत्यात, राव. मागनं घ्या." मग तहसीलदाराचा मागून फोटो निघाला. आयुष्यात नवरा-नवरीचे एवढे अल्बम केले, पण एवढ्या सूचना मला एकाही वरपक्षाने दिल्या नव्हत्या. तेवढ्या वेळात तहसीलदाराने फुलदाणीतली प्लास्टिकची फुलं खाऊन टाकली.

या नावांपायी तात्यांनी बरेच घोळ घातले आहेत. एकदा आम्ही दोघं एसटीने येत होतो. फोनवर काकू होत्या आणि रेंज नव्हती, त्यामुळे तात्या ओरडून बोलत होते. "सभापतीला जुलाब? बांधून घाल त्याला! आणि मेंढ्यांकडं सोडू नको, उगं दम लागंल!" पुढच्या सीटवरचे पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ उठून उभे राहिले. ते खऱ्या सभापतींचे चुलतभाऊ निघाले. मी समजावून सांगितलं, तर ते आणखीच चिडले.

बकरी ईदच्या महिन्यात तात्या कुठलाही मेंढा माझ्या दुकानाकडे आणत नाहीत. "तुमच्यावर भरवसा हाय," ते म्हणतात, "तुमच्या मेव्हण्यावर न्हाई. तो मागच्या खेपंला तहसीलदाराकडं बघून मिश्या चाटत व्हता." मेव्हण्याला मिशी नाही, पण मुद्दा मला पटतो.

पैदाशीचा नर निवडायचा तात्यांचा सोहळा मी पाहिलेला आहे. आधी ओठ उघडून दात बघायचे. खालचे दात वरच्या हिरडीला नेमके टेकले पाहिजेत. मग पाठीवर तळहात फिरवायचा. मग नराला चालवायचं आणि आपण मागून चालायचं. शेवटी मागच्या दोन पायांमध्ये हात घालून तिथली मालमत्ता तपासायची. दोन्ही सारखी पाहिजेत, घट्ट पाहिजेत. हे सगळं ते भर चौकात, कीर्तनकाराच्या चेहऱ्याने करतात. मग त्याच हाताने चहाचा कप पुढे करतात. मी तेव्हापासून त्यांच्याकडे चहा सोडला आहे.

एवढ्या परीक्षांतून दुसऱ्याचा एकही नर पास झाला नाही, हीच तात्यांची अडचण होती. वर्षानुवर्षं घरचेच नर घरच्याच मेंढ्यांना लावले. त्यांचा लाडका कलेक्टर जन्मला तेव्हा त्याचा बाप कोण म्हणून मी विचारलं, तर तात्यांनी बोटांवर मोजून सांगितलं की त्याचा बाप हाच त्याच्या आईचाही बाप. माणसात असं झालं असतं तर पोलीस आले असते. अलीकडे कोकरं अशक्त निपजायला लागली होती. बाहेरचं रक्त हवं होतं, हे तात्यांनाही कळत होतं. ते गावोगाव जाऊन नर बघत आणि परत येत. "दात पुढं हायत." "पाठीला झोळ हाय." "मालकच बावळट हाय."

आता त्यांच्या मुलीचं सांगायला हवं. सोनाली एकुलती एक. लहानपणापासून गोठ्यात वाढलेली, व्यायला आलेली मेंढी तात्यांच्या आधी ओळखणारी. तिने डिंभ्याच्या गणेशशी लग्न करायचं ठरवलं. धरणात मासेमारी, थोडी शेती, स्वभावाने शांत मुलगा. तो तात्यांना भेटायला आला, वाकून पाया पडला, आणि तात्या त्याच्या मागे गेले.

"जरा चाला," ते म्हणाले.

बिचारा अंगणात चालला. तात्यांनी निकाल दिला, "गुडघ्याला गुडघा लागतोय."

"मला त्याला प्रदर्शनात न्यायचं न्हाई, तात्या," सोनाली म्हणाली.

लग्न झालं. तात्या हजर होते, अक्षताही टाकल्या. पण मांडवात मागच्या बाजूला उभं राहून, जावयाच्या पायांकडे बघत. मी फोटो काढत होतो, त्यामुळे मला ठाऊक आहे: संपूर्ण अल्बममध्ये तात्या एकदाही नवरा-नवरीच्या शेजारी नाहीत. काकूंनी मुलीबरोबर एक मेंढी पाठवली. तात्यांनी त्यावरही तोंड उघडलं नाही, आणि पुढे डिंभ्याला पायही ठेवला नाही.

कारण विचारलं की म्हणायचे, "धरणाकाठचं गवत वंगाळ असतंय. त्यातनं लिव्हरला किडं व्हत्यात."

"तात्या, तुम्ही गवत थोडंच खाणार आहात?"

"कपड्याला लागून येतंय." बोलणं संपलं.

काकू जाऊन यायच्या. आल्यावर तिकडची हकिकत भांड्यांना सांगायच्या, मोठ्याने. तात्या तेव्हा नेमके ओसरीवर दोरखंड वळत बसलेले असायचे आणि तो दोरखंड काही केल्या संपायचा नाही.

मागच्या हिवाळ्यात जुन्नरजवळ मेंढ्यांचं प्रदर्शन भरलं. कलेक्टर तयार झाला होता. त्याला शाम्पूने अंघोळ, खुरांना तेल, गळ्यात घुंगरमाळ. मला फोटोसाठी नेलं होतं. मैदानात पोहोचलो तर पलीकडच्या खुंट्याला एक तरणा मेंढा बांधलेला, आणि त्याच्या शेजारी सोनाली आणि गणेश.

मी म्हटलं, "तात्या, सोनाली आलीय."

"दिसलं," तात्या म्हणाले. ते तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर मेंढ्यावर होती. थोड्या वेळाने लघवीला जातो म्हणून निघाले आणि नेमके पलीकडून फिरून त्या मेंढ्याच्या मागून गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"कसा आहे?"

"ऊन लई हाय आज," तात्या म्हणाले.

परीक्षक जनावरांचे डॉक्टर होते, मुरलेले. त्यांनी सगळे मेंढे बघून शेवटी दोन बाजूला काढले: कलेक्टर आणि सोनालीचा. बराच वेळ दोन्हींभोवती फिरून ते कलेक्टरकडे वळले, त्याच्या पाठीवर हात ठेवणार, एवढ्यात तात्या ओरडले, "डॉक्टर! मागनं बघा!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "तात्या, हा तुमचाच आहे ना?"

"म्हणून तर सांगतोय. चालवून बघा. मागचं पाय घोट्यात बसत्यात त्याचं."

"मला दिसलंय ते. पण डोकं उत्तम आहे, त्याचे गुण जास्त धरले मी."

"मग कमी धरा," तात्या म्हणाले. "डोक्यानं चालतोय व्हय त्यो? उद्या ह्यो नर चार गावात जाईल, समद्यांची कोकरं अशीच बसकी व्हतील. म्हणतील, जुन्नरच्या प्रदर्शनात पयला आलावता."

डॉक्टर हसले. दोन्ही मेंढ्यांना पुन्हा चालवलं. कलेक्टरचे घोटे खरंच खाली टेकत होते. पहिला नंबर सोनालीच्या मेंढ्याला गेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कलेक्टरला दुसऱ्या नंबरचा फेटा बांधला, तो त्याने ताबडतोब खायला सुरुवात केली.

तात्या सोनालीपाशी गेले. इतक्या दिवसांत दोघं प्रथमच समोरासमोर होती आणि मधे मेंढा होता. तात्यांनी त्याचे दात बघितले, पाठ बघितली, हात घालायचा तिथे हातही घातला. मग मेंढ्यालाच विचारावं तसं विचारलं, "आई आपल्याकडची. बाप कुठला?"

"डिंभ्याला मेंढपाळांचा कळप उतरला व्हता, त्यातला," सोनाली म्हणाली.

"कुणी निवडला?"

"मी."

"पाय बघितलं व्हतं?"

"न्हाई बघितलं. पाय बऱ्या बेताचं व्हतं त्याचं." तिने मेंढ्याच्या कानामागे खाजवलं. "कळपातली समदी कोकरं त्याच्याच अंगावर चढून बसायची, तात्या. त्यो हलायचा न्हाई. ती उठली की मग उठायचा. म्हटलं, ह्योच बरा."

गणेश दोरी धरून मागे उभा होता. तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. या वेळी समोरून. मग धोतराच्या सोग्याने मेंढ्याच्या नाकावरची धूळ पुसली आणि म्हणाले, "ह्या हंगामाला ह्यो माझ्या मेंढ्यांना लागंल. देशील का?"

तात्यांनी दुसऱ्या कुणाकडे नर मागितलेला मी कधी ऐकला नव्हता. सोनालीने पदर डोळ्यांकडे नेला आणि म्हणाली, "घरी येऊन न्यायचा."

त्यानंतर काही दिवसांनी तात्या माझ्या दुकानात आले. "घोडेगावला लग्नाची ऑर्डर हाय नव्हं तुमची? मग मला तेवढं पुढं डिंभ्याला सोडा. त्या नराची आई बघायचीय."

"ती तुमच्याच गोठ्यात जन्मली, तात्या. तुम्हीच तिला बाटलीने दूध पाजलंय."

"व्हय. पण तिकडं जाऊन बिघडली का काय, बघाया नको?"

मोटारसायकलवर वाटेत त्यांनी चार वेळा सांगितलं की बघून लगेच परतीच्या एसटीने निघायचंय, काकू वाट बघतील. सोनालीचं घर रस्त्याला लागूनच. मेंढी दाव्याला होती, ठणठणीत. तात्यांनी तिला दोनदा बघितलं. मग तिसऱ्यांदा बघायला घेतली. मी पाणी पिऊन निघण्याच्या तयारीत असताना एसटी आली आणि घरासमोरच उभी राहिली. खाली उतरून कंडक्टरने हाक मारली, "ओ आजोबा, जुन्नर! येताय का?"

तात्या पाठमोरे बसले होते. मेंढीचा जबडा धरून दात मोजत होते, अगदी तल्लीन. कंडक्टरने पुन्हा हाक मारली. ती धरणापलीकडे ऐकू गेली असेल. तात्यांना ऐकू आली नाही. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली आणि धूळ उडवत गाडी गेली.

धूळ खाली बसेपर्यंत तात्यांनी मेंढीचं तोंड सोडलं नाही. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि दारात उभ्या असलेल्या गणेशला म्हणाले, "पावणं, गाडी गेली वाटतं वं. आता काय करायचं?"

गणेशने सगळं पाहिलं होतं. त्याने मान हलवली. "ह्या गाड्यांचं काय खरं न्हाई, तात्या. राहा आता."

"ऱ्हायलाच लागंल," तात्या मोठ्या नाइलाजाने म्हणाले, आणि वहाणा काढून आत गेले.