गहिनीनाथनं फोनला नाही म्हटलं

नेकनूरच्या गहिनीनाथचा एक नियम होता. फोननं काहीही विचारलं तरी 'नाही' दाबायचं! याला कारण शेजारचा बिभीषण. त्यानं एकदा न वाचता 'हो' दाबलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला फोन लावणाऱ्याच्या कानात ढोलकीसकट लावणी वाजायला लागली. पहिला फोन आला तो नेमका सासऱ्याचा! गहिनीनाथनं तेव्हापासून धसकाच घेतला.

त्याची बायको मंगल अगदी उलटी. हातातलं काम टाकून वाचत बसायला तिला सवड कुठली? फोननं तोंड उघडलं की ती 'हो' दाबून मोकळी. फोन मात्र दोघांचे सारखेच. दिवाळीला एकाच दुकानातून, एकाच रंगाचे घेतलेले.

घराला लागूनच गहिनीनाथचं फ्लेक्सचं दुकान. फ्लेक्स तो कंप्युटरवर तयार करायचा आणि छापायला बीडला पाठवायचा. मागच्या लग्नसराईत व्हायरसनं कंप्युटर पार झोपवला, तेव्हा मेहुण्यानं, म्हणजे बीडच्या शिवशंकरनं, त्यात लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम टाकून दिली. मग काय, गिऱ्हाईक आलं की गहिनीनाथचं प्रवचन सुरू!

"ही सिस्टीम कुणा एकाच्या मालकीची न्हाई. गावच्या पारासारखी हाय. कुणीबी यावं, कुणीबी बसावं, कुणीबी सुधरावी!"

त्या दिवशी हे प्रवचन पुढारी मोहनरावांचा कार्यकर्ता तानाजी ऐकत होता, तेही घड्याळाकडं बघत. मोहनरावांचा वाढदिवस. संध्याकाळी मांजरसुंब्याच्या चौकात वीस फुटी फ्लेक्स झळकायला हवा होता.

"बाराच्या आत फाइल बीडला गेली पायजे," तानाजी म्हणाला. "न्हाईतर मशीन दुसऱ्याच्या कामाला लागंल. आन ह्यो फ्लेक्स हुकला ना, तर निवडणुकीचे सगळे फ्लेक्स बीडवाल्याला देतो म्हणलेत साहेब."

"अवो, दहा मिनिटाचं काम हाय! फोटो फोनमदी हाय, फोनमधून कंप्युटरमदी घ्यायचा, खलास!"

साहेबांचा फेटा बांधलेला, हात जोडलेला फोटो कालच काढला होता. व्हॉट्सॲपवर पाठवला असता तर तो बारीक होऊन वीस फुटांवर साहेबांच्या तोंडाचे चौकोन पडले असते. म्हणून गहिनीनाथनं ऐटीत केबल लावली. फोन लगेच म्हणाला, 'या कंप्युटरला फाइल बघू द्यायच्या का?'

"बघा! आला इचारायला!" असं म्हणून गहिनीनाथनं 'नाही' दाबलं. कंप्युटरवर काहीच दिसेना. केबल काढली, पुसली, पुन्हा लावली. फोननं पुन्हा विचारलं. पुन्हा 'नाही'! तिसऱ्यांदा तर त्यानं इतक्या जोरात दाबलं की तानाजी दचकला.

सव्वाअकरा वाजले. शेवटी शिवशंकरला फोन लावला.

"दाजी, केबल राहू द्या. दिवाळीला मी तुमच्या दोघांच्या फोनवर एक ॲप टाकलं होतं बगा. कंप्युटरवर बी त्येच हाय. त्यातून वायफायनं जोडा."

गहिनीनाथनं ते उघडलं. पडद्यावर दोन फोन, दोन्ही एकाच नावाचे. त्यानं वरचा निवडला. तिकडं स्वयंपाकघरात मंगलच्या फोननं काहीतरी विचारलं. मंगलचे हात कणकेत. तिनं कोपरानं 'हो' दाबलं.

"जुळलं!" गहिनीनाथ ओरडला. "म्हणलं न्हवतं? लिनक्स हाय ह्ये!"

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक मेसेज उगवला. खाली उत्तर द्यायची सोयसुद्धा! तानाजीनं तो मोठ्यांदा वाचला, "सुनिता. काय करतंय येडं? अजून कंप्युटरलाच चिकटलंय का?"

सुनिता म्हणजे मंगलची धाकटी बहीण. मेहुणीनं आपल्याला थेट येडं म्हणावं, आणि तेही गिऱ्हाइकासमोर? गहिनीनाथच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्यानं टाइप केलं, 'येडी तू! परत मेसेज करू नको!'

मग पुन्हा मेसेज. 'बरं. रविवारी येणार होते, आता येत न्हाई. माझा पुरणाचा टोप धाडून दे.'

"कसला टोप? माझ्याकडं कुणाचा टोप न्हाई!" गहिनीनाथ पडद्यावर खेकसला.

"देऊन टाका की वो बाईचा टोप," तानाजी म्हणाला. "आन आधी साहेबांचा फोटो काढा!"

गहिनीनाथनं फोटो उघडले. पहिल्यात शेळी. दुसऱ्यात ब्लाऊजची मागची बाजू. पुढं सलग सतरा फोटो पापडांचे. आपला फोन शेळीचे फोटो काढतो कधी? खात्री करायला त्यानं 'फोन वाजवा' दाबलं. समोरचा फोन गप्प, आणि स्वयंपाकघरातून असा भोंगा उठला की दारातलं कुत्रं शेपूट घालून पळालं!

पाठोपाठ कणकेच्या हातात फोन धरून मंगल बाहेर आली.

"आवो, ह्येला काय झालंय? आन सुनिता फोनवर रडत हुती, सकाळी तर चांगली हुती! मी तिला येडी म्हणले म्हणं! मी कावून म्हणंल?"

गहिनीनाथनं एकदा फोनकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. सगळा उलगडा झाला. जोडला होता तो मंगलचा फोन! घड्याळात बाराला दहा कमी. त्यानं घाईघाईनं यादीतला दुसरा फोन निवडला. त्याच्या फोननं विचारलं आणि सवयीनं बोट पुन्हा 'नाही'वर! फोन यादीतूनच गायब.

"मेलो!" तानाजी मटकन खाली बसला.

"साहेबांचाच फोटो पायजे ना?" मंगलनं पडद्याकडं बोट केलं. "त्यो बगा की, आरोहीच्या हळदीतला. मीच काढलाय."

मोहनरावांच्या लेकीची हळद. मोहनराव नाकापासून कानापर्यंत पिवळेधम्मक, डोळे मिटून, सगळे दात दाखवत हसत होते. तानाजीनं कपाळाला हात लावला. पण बाराला पाच कमी होते. फाइल गेली.

संध्याकाळी चौकात फ्लेक्स चढला. मोहनरावांची गाडी थांबली. साहेब उतरले आणि बघतच राहिले. गहिनीनाथ चहाच्या टपरीमागं उभा राहून देवाचं नाव घेत होता. तेवढ्यात गाडीतून साहेबांच्या बायकोचं, गीताबाईंचं, हसू ऐकू आलं.

"वीस वर्षं फ्लेक्सवर ह्यांचं तोंड बगते. कायम पंचनाम्याला आल्यासारखं! आज पयल्यांदा माजा नवरा दिसला बाई!"

मोहनरावांनी घसा साफ केला. मिशीतल्या मिशीत हसले. "तानाजी, निवडणुकीला बी ह्योच फोटो लावा. आन गहिनीनाथकडनंच करून घ्या."

गहिनीनाथ टपरीमागून असा बाहेर आला, जणू सगळं त्यानंच ठरवलं होतं!

रविवारी सुनिता रुसवा सोडून आली, टोप घेऊन गेली. शिवशंकरही आला होता.

"दाजी, केबल लावल्यावर फोननं काही इचारलं न्हवतं का?"

"इचारलं की! तीनदा इचारलं. पर मी काय कच्चा हाय व्हय? तिन्ही येळा न्हाई म्हणलं!"

मंगलनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही मावेना.

आता दुकानात कामाची झुंबड आहे. गहिनीनाथचं प्रवचनही जोरात आहे. फक्त केबल लावली की तो फोन लांब धरतो आणि घराकडं तोंड करून हळूच हाक मारतो, "मंगल, जरा कोपर घेऊन ये गं. फोन काहीतरी इचारतोय!"