बाळारामभाऊजींची विषयवार शेती

"वहिनी, धावा! तुमची म्हैस भूगोलात शिरली!" अशी हाक आली की मी काठी घेऊन पळते. आमच्या कापडे गावात भूगोल म्हणजे बाळारामभाऊजींचं ओढ्याकडचं भाताचं खाचर, हे आता लहान पोरांनाही माहीत आहे.

भाऊजी आमचे शेजारी, पडवीला लागून पडवी. बायको जाऊन सहा वर्षं झाली. घरात ते आणि दहावीतली लेक प्रणाली. शाळा सुरू झाली तेव्हा पोलादपूरला पालकांची सभा होती. तिथे सर म्हणाले, मुलांच्या प्रत्येक विषयात लक्ष घाला. बाकीच्यांनी माना हलवल्या, चहा घेतला आणि एसटी पकडली. भाऊजी मात्र वाटभर विचार करत आले. दुसरी शिकलेला माणूस लक्ष घालणार तरी कशात? त्यांना लक्ष घालायची सवय फक्त भातात. म्हणून त्यांनी खाचरांनाच विषय वाटून दिले.

सगळ्यात वरचं गणिताचं, त्याखाली विज्ञान, मग इतिहास, ओढ्याकडे भूगोल. बांधापलीकडच्या दगडाळ तुकड्यात धड काही येत नाही, तो इंग्रजीला गेला. मराठीला परसातला भेंडीचा वाफा मिळाला. हिंदीला जमीन उरली नाही. "ती टीव्हीवर होते," म्हणाले.

लावणीला प्रणाली ज्या खाचरात वाकेल, त्या विषयाचं तिनं तोंडानं म्हणायचं. भाऊजी शेजारी रोपं लावत विचारायचे, "मंग? पुढं काय झालं गो?" आम्ही बायका मदतीला असायचो. विज्ञानात होतो त्या दिवशी गुरुत्वाकर्षण चाललं होतं. पृथ्वी सगळ्यांना खाली ओढते हे ऐकून ठमाकाकू कंबर धरून म्हणाली, "ते मला नको सांगू, माझ्या कमरेला ठावूक हाय!"

"विषय सुटता कामा नये," हे भाऊजींचं पालुपद. शेळीनं दावं तोडलं तरी तेच ओरडत तिच्यामागे पळायचे.

प्रणाली बाकी सगळीकडे बडबडायची. गणितात पाय घातला की मुकी.

"म्हण ना गो काहीतरी."

"काय म्हणू? तुम्हाला कळणार हाय का?"

 भाऊजी रोपं सरळ ओळीत लावत राहायचे.

सहामाहीचे पेपर मिळाले आणि प्रणाली गणितात नापास. तिनं दप्तर खुंटीला टांगलं. "मी बोर्डाचा फॉर्म भरणार नाय. शिवण शिकेन." फॉर्मची शेवटची तारीख शनिवारची होती. सोमवार गेला, मंगळवार गेला, पोरगी शाळेत गेली नाही. मला वाटलं भाऊजी आता आवाज चढवतील. 

पण बुधवारी सकाळी ते प्रणालीची पहिलीतली पाटी घेऊन माझ्या पडवीत आले.

"वहिनी, तुम्ही चौथी शिकल्यात. मला भागाकार शिकवा."

शेजारी असले तरी पुरुषमाणसाशी मी फार बोलत नाही. पण कसंबसं विचारलं, "आता कशाला हो, भाऊजी?"

"दहावीपर्यंत तिला सोबत कराया माझ्यात दम नाय. पण चौथीपर्यंत तरी बरोबर जाईन. थांब्यावर मी सोडतोच की तिला. एसटीत ती एकटीच चढते."

दोन दिवस मी शिकवलं. नांगर धरावा तशी ते पाटीवरची पेन्सिल धरायचे, ती मोडायची. आठशे सोळाला चारानं भागायचं गणित गुरुवारी त्यांना बरोबर आलं, दोनशे चार. मधल्या शून्यासकट! इतका आनंद झाला की त्यांनी पाटी माझ्या म्हशीलाही दाखवली.

शुक्रवारी संध्याकाळी ते माझ्या पडवीत सराव करत बसले होते. तेवढ्यात प्रणाली त्यांना शोधत आली.

"बाबा, हे काय करताय?"

भाऊजींनी पाटीवर झटकन तळवा फिरवला, तेच गणित परत मांडलं आणि उत्तर लिहिलं चोवीस.

"जमतच नाय गो. तूच बघ."

"अहो, चोवीस कसे येतील? एकाला चाराचा भाग जात नाय ना? मंग तिथं शून्य द्यायचं!"

ती उभ्यानंच सांगत होती. मग उंबऱ्यावर टेकली. मग खाली मांडी घातली.

"कळलं?"

"नाय. परत सांग."

तिनं परत सांगितलं, यावेळी सावकाश. चार डबे, त्यांत वाटायचे तांदळाचे दाणे, असं काहीतरी स्वतःच रचून. मी दारात उभी होते. "अहो, काल तर..." असं माझ्या तोंडून निघणारच होतं. भाऊजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी आत जाऊन चहा ठेवला.

चुलीशी बसून ऐकत होते. भाऊजींना चौथ्या खेपेला एकदाचं समजलं.

"आज एवढंच," प्रणाली म्हणाली. "पुढचं उद्या, मी शाळेतनं आल्यावर."