बोरटाकळीतला भेदाचा तुटवडा

शेवगाव तालुक्यातील बोरटाकळी हे गाव एकात्मतेसाठी अपात्र असल्याचे कचेरीने सरपंच भिमाजीला कळवले, तेव्हा गावच्या विहिरीत घागर बुडेल एवढेही पाणी उरले नव्हते. या दोन गोष्टींचा थेट संबंध होता. त्र्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात तालुक्याला बोरिंगचे एकच मशीन मिळाले होते. ते आधी कुठे न्यायचे यावरून पुढाऱ्यांची डोकी फुटायची वेळ आली, म्हणून वरून तोडगा निघाला होता : एकात्मता पंधरवड्यात जे गाव पहिले येईल, तिथे मशीन पहिले जाईल. जमिनीखाली पाणी कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते, पण जमिनीवर एकोपा कुठे आहे हे कचेरीला बसल्या जागी सांगता येत होते.

भिमाजी एस.टी. पकडून शेवगावला गेला. विस्तार अधिकारी डहाळे साहेब त्याचीच वाट पाहत होते.

"तुमच्या गावात भेद आढळत नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले.

"व्हय, साहेब. गाव लई एकजुटीचं हाय."

"तीच अडचण आहे. एकात्मता म्हणजे निरनिराळ्या समाजांनी एकत्र येणे. त्यासाठी ते आधी निरनिराळे असावे लागतात. तुमच्याकडचा पिराचा उरूस कोणाचा?"

"समद्यांचा. पिरावर पयला गलेफ आमच्या घरचा चढतो."

"म्हणजे हिंदूंचा. मग मुसलमान काय करतात?"

"गनीभाई पिंजारी पखवाज वाजवितो."

"उरुसात?"

"न्हाई, भजनात."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. अशा गावाला गुण कसे द्यावेत याची परिपत्रकात सोय नव्हती. पण माणूस दयाळू होता. पंधरवड्याच्या शेवटी आपण पाहणीला येऊ, तोवर गावाने नीट वेगळे व्हावे, म्हणजे त्या दिवशी एकत्र येता येईल, असा मार्ग त्यांनी सुचवला.

भिमाजीला त्यात काही वावगे दिसले नाही. त्याला पाणी हवे होते. गावच्या बायका विहिरीत उतरून वाटीवाटीने घागर भरत होत्या. त्याची बायको बनुबाई त्याच पायऱ्यांवरून घसरून पाय मोडून घरात पडली होती. चार दिवस वेगळे राहून जन्माचे पाणी मिळत असेल तर सौदा स्वस्तच होता.

गावानेही कुरकुर केली नाही. राधाकृष्णशेठ वाण्याला पगडी बांधायला लावली. त्याच्या पणजोबाने मारवाड सोडल्यापासून घरात कोणी पगडी बांधली नव्हती, म्हणून मास्तरांनी इतिहासाच्या पुस्तकातले चित्र बघून ती बांधून दिली. सहादेव धनगर ऐन वैशाखात घोंगडी पांघरून हिंडला आणि दुपारी भोवळ येऊन पडला. ते अस्सलपणाचे लक्षण मानण्यात आले. गनीभाईसाठी नगरहून, नाटकाच्या कपडेपटातून, गोंड्याची लाल टोपी भाड्याने आणली.

"ही टोपी आमच्यात कोन घालतं?" गनीभाईने विचारले.

"कुनीच न्हाई. पर सायबाला लांबनं वळखू आलं पायजे."

"आन कव्वाली म्हनायची म्हंतोस. मला कव्वाली कुठं येती, भिमाजी? माजा हात भजनावर बसलेला."

"चार दिस दुसरीकडं बसव."

"मग भजनाला येऊ का नको?"

 लहानपणापासून दोघांनी एका बांधावर बसून भाकरी खाल्ली होती. भिमाजीला मनापासून वाईट वाटले, पण डोळ्यांपुढे बनुबाईचा पाय होता. "नगं येऊ," तो म्हणाला. तेव्हापासून भजन ताल सोडून चालू लागले आणि देवाने ते निमूट ऐकून घेतले.

समाजासमाजाच्या रांगा आखल्या, तर त्या वेगळ्या दिसेनात, म्हणून मध्ये दोर बांधले. दोर आले तसे दोरांना पुढारी लागले, आणि पुढाऱ्यांना मान लागला. कोणाचा दोर व्यासपीठाच्या जवळ, यावरून सहादेव आणि राधाकृष्णशेठ हमरीतुमरीवर आले. यंदा पहिला गलेफ आमच्या दोरातून निघेल, असे गनीभाईच्या पुतण्याने जाहीर करताच भिमाजीच्या भावकीने काठ्या बाहेर काढल्या. ही बातमी शेवगावला पोचली तेव्हा डहाळे साहेबांनी उलट निरोप धाडला : प्रगती समाधानकारक.

पाहणीच्या दिवशी साहेब जीपमधून उतरले आणि दोर बघून प्रसन्न झाले. लाल टोपी लांबून ओळखू आली. ठरल्याप्रमाणे सगळ्या पुढाऱ्यांनी एकाच तांब्यातले पाणी प्यायले, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. साहेब निकाल सांगायला उभे राहिले, एवढ्यात त्यांची नजर शेवटच्या दोराच्याही पलीकडे, उन्हात रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बायकांकडे गेली. पुढे राहीबाई होती.

"ह्या कोण? ह्यांचा दोर कुठला?"

"महारवाड्यातल्या हायेत, साहेब," भिमाजी म्हणाला. "त्यान्ला दोर लागत न्हाई. त्या आपल्या आपनच लांब बसत्यात. इहिरीवरनं कुनीतरी त्यान्ला पानी वाढतं."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, इतका तयार भेद गावात असताना तुम्ही टोप्या भाड्याने आणल्या?"

भिमाजी खरोखर गोंधळला. त्याने गावाकडे वळून पाहिले. सगळे दोर त्याच्याइतकेच गोंधळलेले होते. पंधरवड्यात पहिल्यांदाच त्यांचे एकमत झाले होते.

"भेद कुठाय, साहेब? ती तर रीत हाय."

साहेबांनी थोडा विचार केला. त्यांच्या कचेरीतही एका शिपायाची कपबशी खिडकीत वेगळी ठेवलेली असे, आणि तिचा उल्लेख कुठल्याच अहवालात नव्हता. "हो, रीत वेगळी," असे म्हणून त्यांनी बोरटाकळीला पहिला क्रमांक दिला.

बोरिंगला पाणी लागले, आणि गोड लागले. बनुबाईचा पाय बरा झाला आणि तिला पुन्हा विहीर उतरावी लागली नाही. दोर सोडून ठेवले, तरी नव्या हातपंपावर बायामाणसे त्याच रांगांनी उभी राहू लागली. गनीभाई आपल्या रांगेत पाळीची वाट बघत असताना राहीबाई लांबून म्हणाली, "गनीभाई, तुमचं झाल्यावर आमाला वाढा."

"वाढतो," तो म्हणाला. इतकी वर्षे तो वाढतच आला होता. ती उन्हात बसते हे त्याला रांगेत उभे राहिल्यावर पहिल्यांदा दिसले, आणि त्याला लाज वाटली. पण पाळी आली तेव्हा त्याने आधी आपली घागर भरली.

तो पंप अजून चालतो. त्या बाजूला गेलात आणि तहान लागली तर अवश्य थांबा. गाव अगत्याचे आहे, पाहुण्याला तहानलेला धाडत नाही. पंपावरचा माणूस दांड्यावर हात ठेवून, हसून एवढेच विचारील, "पाव्हनं, आडनाव काय म्हनलात?" आणि तुम्ही ते सांगून ओंजळ पुढे कराल.