डुक्कर कुठंय, साहेब?

"आम्ही कंपनी नाही, कुटुंब आहोत," असं मुलाखत घेणाऱ्या मारिकार मॅडम म्हणाल्या, तेव्हाच प्रोग्रामर रोडेलने उठून जायला हवं होतं. कुटुंबात शिरायला पाच फेऱ्या लागतात का कुठे? पण आधीची कंपनी बुडाली होती, बायकोला सातवा महिना होता, आणि नोकरीतलं आरोग्य कार्ड दाखवल्याशिवाय दवाखाना नाव नोंदवून घेत नव्हता. रोडेल बसून राहिला.

कंपनी कसली, तर फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या लोकांना अख्खं भाजलेलं डुक्कर घरपोच देणारी. पहिल्या फेरीत विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? दुसऱ्या फेरीत, फळ असता तर कोणतं? तिसरीत पुन्हा पाच वर्षंच, फक्त विचारणारा निराळा. चौथीला घरचा अभ्यास मिळाला. कंपनीच्या वेबसाइटवरचं ऑर्डर घ्यायचं पान नव्याने बांधून आणा.

"नुसता सराव हं," मारिकार म्हणाल्या. "पण खरं वाटलं पाहिजे. एकही जागा रिकामी नको."

जुना कोड उघडला, तर दर पानावर वेगळाच हात फिरलेला, एकाचा मेळ दुसऱ्याला नाही. रोडेलने चार दिवस खपून पान उभं केलं. तक्रारीच्या नंबराची जागा रिकामी होती, तिथे स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. पाचवी फेरी झाली आणि आठवड्याने पत्र आलं. आपण फार गुणी आहात, पण आमच्या कुटुंबात बसत नाही.

"बसत नाही म्हणे," त्याची बायको जोव्हेलिन करवादली. "चार दिवस राबवून घेताना बरा बसत होतास."

रविवारी गावचा उत्सव. सकाळी सातला फोन वाजला.

"साहेब, माझं डुक्कर कुठंय?"

"कुठलं डुक्कर?"

"बारा किलोचं. फादर जेवायला यायचेत आणि टेबलावर नुसता भात आहे."

दहा वाजेपर्यंत चाळीस फोन. एका घरी दोन डुकरं गेली होती, एका लग्नघरी एकही नाही. त्या निर्लज्ज लोकांनी त्याचा सराव जसाच्या तसा चालू करून टाकला होता. रोडेल फोनवर फोन घेत चरफडत होता. जोव्हेलिन मात्र शांतपणे वहीत पत्ते उतरवून घेत होती.

अकराला मारिकारचा फोन आला. "सर, तेवढा नंबर बदलून द्याल का? पाच मिनिटांचं काम आहे."

"तुमच्या प्रोग्रामरना सांगा की."

पलीकडे नुसताच खोकला. मग मालकच बोलू लागले. "अरे बाबा, काय हवं ते सांग."

जोव्हेलिनने फोन हिसकावून घेतला. "साहेब, पाच वर्षांनी तुम्ही कंपनीला कुठे पाहता?"

"मॅडम, दारात दीडशे माणसं उभी आहेत."

"असू देत. कंपनी फळ असती तर कोणतं?"

मालक पडेल आवाजात म्हणाले, "फणस."

"छान. आता नेमणुकीचं पत्र पाठवा, कार्डासकट. नंबर त्यानंतर."

पत्र तासाभरात आलं आणि सोमवारी कार्डही हातात पडलं. मगच रोडेलने नंबर बदलून दिला आणि कार्ड खिशात घालून तो कामावर हजर झाला. खोलीत एकच टेबल, त्यावर बोटभर धूळ.

"बाकीचे प्रोग्रामर कुठे बसतात?" त्याने विचारलं.

"बाकीचे कोण?" मारिकार म्हणाल्या. "तीन वर्षांत घेतलेले तुम्ही पहिलेच."

त्यांनी सहा नावांची यादी पुढे सरकवली. "पैसे भरायचं पान बिघडलंय. हे सहाजण मुलाखतीला येतायत. घरचा अभ्यास काय द्यायचा, ते तेवढं लिहून द्या."

रोडेलने खिशातलं कार्ड चाचपलं. मग पेन उघडून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नुसता सराव.'